त्याचं रिटर्न, तिचा सवाल

लग्न एक, घर एक, होमलोनही एक. मग वेगळं झाल्यावर टॅक्सचे कागद तेवढे ‘त्याचे’ कसे? आणि ते हवे असतील तर मागायचे कुणाकडे? गंमत म्हणजे या प्रश्नावरचे महत्त्वाचे निकाल आपल्याच नागपुरातून गेले आहेत!

समजा, तुमची एक मैत्रीण आहे. वय तिशीच्या आसपास, नोकरी मिहानमध्ये, पगार बरा. लग्नाला सहा वर्षं झालीत, मुलगी चार वर्षांची. गेल्या दिवाळीपासून ती मुलीला घेऊन प्रतापनगरला माहेरी आहे आणि तो मनीषनगरच्या फ्लॅटवर. फ्लॅट दोघांच्या नावावर, ईएमआय दोघांच्या पगारातून. बोलणी फिसकटली, मध्यस्थ थकले आणि एका शनिवारी ती वकिलाकडे गेली. वकिलाने पहिल्याच भेटीत यादी हातात ठेवली : लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, फोटो, बँकेची स्टेटमेंट्स आणि ‘दोघांचे मागच्या काही वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न्स’.

इथे गाडी अडली. कारण दर जुलैमध्ये हिचा फॉर्म १६ तो घ्यायचा, सीएकडे द्यायचा आणि आठ दिवसांनी ‘भरलं गं’ म्हणून सांगायचा. पासवर्ड? त्याला माहीत. ओटीपी? त्याच्या मोबाइलवर. ई-मेल? त्याचाच. आपल्या नावाने सहा वर्षं सरकारदरबारी काय जातंय, हे हिने एकदाही उघडून पाहिलेलं नाही. ऑफिसात क्लायंटचे कोट्यवधींचे आकडे जुळवणारी ही बाई घरच्या आकड्यांबाबत कोरी!

ऑफिसातली एखादी मैत्रीण लगेच म्हणेल, ‘काहून टेन्शन घेऊन राहिली बाप्पा? तुमचं तर जॉइंटच असते ना? जा अन् घेऊन ये कॉपी!’

इतकं सोपं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

‘जॉइंट’ नावाचा गैरसमज

पहिली गोष्ट पक्की समजून घ्या. आपल्याकडे नवरा-बायकोचं जॉइंट रिटर्न नावाची चीजच नाही. अकाउंट जॉइंट असतं, होमलोन जॉइंट असतं, फ्लॅटही जॉइंट असतो. पण पॅन ज्याचं त्याचं आणि रिटर्नही ज्याचं त्याचं. एकाच सीएने एकाच दिवशी एकाच लॅपटॉपवरून भरली म्हणून दोन रिटर्न्सचं एक होत नाही. प्राप्तिकर खात्याच्या लेखी तुम्ही दोन वेगळे करदाते, मग तुमचा संसार कितीही गोडीगुलाबीचा असो.

जॉइंटच्या थोडं जवळ जाणारी एकच सोय देशात आहे, तीही शेजारच्या गोव्यात. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नानंतर सहसा दोघांची मिळकत सामायिक धरली जाते. म्हणून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ‘५-अ’ हे खास कलम आलं. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंद्याचा नफा वगैरे, दोघांमध्ये निम्मं-निम्मं वाटायचं आणि आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. रिटर्नमध्ये जोडीदाराचं नाव आणि पॅनही लिहावं लागतं. पण तिथेही रिटर्न्स दोनच! १ एप्रिल २०२६ ही २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख. त्यात कलमांचे नंबर बदलले आहेत, पण नवरा-बायको हे दोन स्वतंत्र करदाते, हे सूत्र तसंच आहे.

थोडक्यात, आपल्या या मैत्रिणीचे प्रश्न दोन आहेत. स्वतःच्या रिटर्न्सच्या कॉपीज कशा मिळवायच्या आणि त्याच्या रिटर्न्समध्ये काय आहे ते कसं कळणार? पहिल्याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं. दुसऱ्याला वेळ लागतो.

आधी स्वतःचं कपाट उघडा

तुमचं रिटर्न तुमचंच आहे, भरायला कुणीही मदत केलेली असो. ई-फायलिंग पोर्टलवर तुमचं पॅन हेच युजर आयडी. पासवर्ड माहीत नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवून नवा बनवता येतो. आत गेल्यावर पहिलं काम : संपर्काचा मोबाइल आणि ई-मेल बदला. ते त्याचे असतील तर तुमच्या रिटर्नचा प्रत्येक मेसेज त्याला जाणार आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

मग मागच्या वर्षांचे भरलेले रिटर्न्स आणि पोचपावत्या डाउनलोड करा. सोबत दोन गोष्टी न विसरता घ्या. एक, फॉर्म २६एएस : तुमच्या नावाने कुठे, किती टीडीएस कापला गेला त्याचा हिशेब. दुसरी, एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण. हे २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात बँकेचं व्याज, डिव्हिडंड, शेअर्सची विक्री, म्युच्युअल फंडाचे व्यवहार असं बरंच काही दिसतं. तुमच्या नावाने उघडलेली आणि तुम्ही विसरून गेलेली एफडी इथे सापडू शकते. तुमच्या नावाने झालेला आणि तुम्हाला ठाऊकच नसलेला व्यवहारही!

मग बँक. जॉइंट होमलोनमध्ये तुम्ही सहकर्जदार असाल तर व्याजाचं वार्षिक सर्टिफिकेट आणि लोन स्टेटमेंट बँकेकडून तुम्हालाही मिळतं. जॉइंट अकाउंटच्या स्टेटमेंट्सचंही तसंच. ईएमआय कुणाच्या खात्यातून किती गेला, हे या कागदांवर छापलेलं असतं. पुढे ‘सगळे हप्ते मीच भरले’ असा दावा आला की हेच कागद बोलतात.

आणि हो, स्वतःच्या रिटर्नचं अजून एक कारण आहे. नवऱ्याने बायकोच्या नावाने पैसे गुंतवले, तर त्यावरचं उत्पन्न बरेचदा कायद्याने त्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. याला म्हणतात क्लबिंग. पण वेगळं राहण्याच्या करारापोटी दिलेली मालमत्ता १९६१ च्या कायद्याने या नियमातून बाहेर ठेवली होती. म्हणजे ‘आम्ही आता वेगळे राहतो’ हे वाक्य टॅक्सच्या कायद्यालाही ऐकू येतं. त्यामुळे समझोत्यात फ्लॅट किंवा एफडी तुमच्याकडे येत असेल तर सही करण्याआधी स्वतःच्या सीएला विचारा. स्वतःच्या, दोघांच्या नाही!

सरळ मागितलं तर?

आता त्याचं रिटर्न. पहिला मोह होतो तो ‘फॅमिली सीए’ला फोन करायचा. इतकी वर्षं घरी येतात, पोह्यावर तर्री जास्त घ्यायची त्यांची सवयही तुम्हाला ठाऊक आहे. पण सीएच्या पेशाचा नियम कडक आहे. क्लायंटच्या संमतीशिवाय त्याची माहिती दुसऱ्याला देणं हा १९४९ च्या सीए कायद्याप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार. तुमची फाइल ते तुम्हाला देतील, त्याची देणार नाहीत. त्यांच्यावर रागावू नका. हाच नियम तुमच्या माहितीचंही रक्षण करतो.

दुसरा विचार येतो तेलंगखेडी रोडवरच्या आयकर भवनाचा. नागपूर आणि इन्कम टॅक्स यांचं नातं तसं जुनं. देशभरातले आयआरएस अधिकारी छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीतच घडतात. पण त्या अकादमीच्या शहरात राहता म्हणून खिडकीवर जाऊन ‘मी त्यांची मिसेस’ म्हटल्याने कॉपी मिळत नाही. १९६१ च्या कायद्यातलं १३८ वं कलम दुसऱ्या करदात्याची माहिती मागायचा मार्ग ठेवतं. ठरावीक नमुन्यात अर्ज करायचा आणि माहिती देणं जनहिताचं आहे अशी वरिष्ठ अधिकाऱ्याची खात्री पटायला हवी. नवरा-बायकोच्या भांडणात ‘जनहित’ दाखवणं किती अवघड, ते तुम्हीच ओळखा.

मग उरतो माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. छान! पण इथे एक मोठी भिंत आहे आणि तिच्या विटा विदर्भातल्याच आहेत.

अकोल्याची फाइल, दिल्लीचा निकाल

ऑगस्ट २००८ मध्ये भविष्य निर्वाह निधी खात्याकडे एक आरटीआय अर्ज आला. पूर्वी अकोल्याच्या कार्यालयात असलेल्या एका अधिकाऱ्याची माहिती हवी होती. नेमणूक, पगार, बढत्या, चौकशा, मालमत्ता आणि इन्कम टॅक्स रिटर्न्स असे एकूण पंधरा प्रश्न. नागपूरच्या प्रादेशिक आयुक्तांनी बरीच माहिती नाकारली. प्रकरण केंद्रीय माहिती आयोग आणि हायकोर्ट करत सुप्रीम कोर्टात पोचलं. ३ ऑक्टोबर २०१२ ला ‘गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयुक्त’ या खटल्यात निकाल लागला. रिटर्नमधला तपशील ही ‘वैयक्तिक माहिती’ आहे आणि व्यापक जनहित सिद्ध झाल्याशिवाय ती देता येणार नाही.

हा खटला नवरा-बायकोचा नव्हता. पण तेव्हापासून बायकोने मागितलं तरी खात्याचं ठरलेलं उत्तर यायला लागलं : ‘तृतीय पक्षाची वैयक्तिक माहिती, देता येत नाही.’ ज्याच्याशी सात फेरे घेतले तो कागदावर ‘तृतीय पक्ष’!

नागपूर खंडपीठाची खिडकी

या भिंतीला एक खिडकी आहे आणि तीही इथलीच. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापुढे एक प्रकरण आलं. पोटगीचा वाद सुरू होता आणि माहिती अधिकारात नवऱ्याच्या पगाराच्या स्लिप्स मागितल्या होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोर्टाने निकाल दिला. पगाराच्या स्लिपमध्ये टॅक्स, कर्जाचे हप्ते, पीएफ अशी खासगी माहिती असते, म्हणून परक्या माणसाला ती देता येणार नाही. पण पत्नीने पोटगीच्या दाव्यासाठी स्वतः मागितली असती तर गोष्ट वेगळी. पोटगीचा प्रश्न असतो तेव्हा पगाराचा तपशील एकट्या नवऱ्याची खासगी बाब राहत नाही, तो पत्नीलाही मिळू शकतो, असं कोर्टाने म्हटलं.

मग इथे अडलं कुठे? त्या प्रकरणात अर्जावर सही पत्नीची नव्हतीच. अर्ज वकिलाने केला होता! तत्त्व बायकोच्या बाजूने लागलं आणि स्लिप्स मात्र मिळाल्या नाहीत. धडा छोटा आहे, पण लाखमोलाचा : अर्ज कराल तर स्वतःच्या नावाने, नातं स्पष्ट लिहून, सुरू असलेल्या केसचा नंबर टाकून. भावाने, मैत्रिणीने किंवा वकिलाने परस्पर टाकलेला अर्ज हा परक्याचा अर्ज.

पुढे केंद्रीय माहिती आयोगाने हीच खिडकी थोडी आणखी उघडली. नोव्हेंबर २०२० मध्ये जोधपूरच्या आणि २०२२ मध्ये बरेलीच्या प्रकरणात आयोगाने मधला मार्ग काढला. पत्नीला पूर्ण रिटर्नची कॉपी मिळणार नाही, पण नवऱ्याचं एकूण किंवा निव्वळ करपात्र उत्पन्न किती, तो आकडा पंधरा दिवसांत द्या. पोटगीसाठी लढणाऱ्या बाईला तेवढा आकडाही खूप असतो.

पण आता सावध! वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराच्या या कलमातच बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी ‘व्यापक जनहित असेल तर देता येईल’ असा अपवाद त्याच कलमात होता. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलं आहे. जनहित जास्त मोठं असेल तर माहिती देता येते, हे वेगळं कलम ८(२) अजून जागेवर आहे, म्हणून खिडकी पूर्ण बंद झालेली नाही. पण २०२० चा अनुभव सांगून कुणी ‘आरटीआय टाक, लगेच मिळते’ म्हणत असेल, तर अर्धंच ऐका.

तो सरकारी नोकरीत असेल तर मात्र थोडं सोपं आहे. प्रत्येक अधिकाऱ्याचा आणि कर्मचाऱ्याचा मासिक मोबदला सरकारी कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा, असं माहिती अधिकाराचं चौथं कलम सांगतं. खासगी कंपनीला हा कायदा थेट लागू नाही.

खरा दरवाजा : फॅमिली कोर्ट

इतका वेळ आपण खिडक्यांतून डोकावत होतो. दरवाजा वेगळीकडे आहे. तोही नागपूरच्याच एका केसने सताड उघडला, आज देशभरातल्या फॅमिली कोर्टांत तिचं नाव घेतलं जातं : ‘रजनेश विरुद्ध नेहा’.

हकिगत साधी आहे, म्हणूनच चटका लावते. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, पत्नी सासरहून बाहेर पडली. सप्टेंबरमध्ये तिने स्वतःसाठी आणि बाळासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. नागपूरच्या फॅमिली कोर्टाचा आदेश आला २४ ऑगस्ट २०१५ ला. पत्नीला महिना १५ हजार. मुलाला आधी ५ हजार आणि सप्टेंबर २०१५ पासून १० हजार. नवरा नागपूर खंडपीठात गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याचा अर्ज फेटाळला गेला. मग तो सुप्रीम कोर्टात गेला.

आणि तिथे विषय आला रिटर्न्सचा. त्याचं म्हणणं होतं, सध्या नोकरी नाही, आणि २०१३ ची पोटगी ठरवताना फॅमिली कोर्टाने २००६ चे रिटर्न्स धरले. तिचं म्हणणं होतं, उत्पन्न आहे, पण ते कोर्टापुढे येत नाही. जो वाद देशातल्या हजारो घरांत चालतो, तोच हा. सुप्रीम कोर्टाने त्याला २००५-०६ पासून आजवरचे सगळे रिटर्न्स आणि असेसमेंट ऑर्डर्स दाखल करायला सांगितलं. सोबत पासपोर्टची झेरॉक्सही.

निकालपत्रात एक ओळ अशी आहे की वाचताना थांबावं लागतं. १० हजारांचा आदेश झाला तेव्हा मुलगा अडीच वर्षांचा होता. सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली तेव्हा तो साडेसात वर्षांचा, शाळेत जाणारा. लॉकडाउनचं वर्ष. आईने कोर्टाला सांगितलं की २०२०-२१ ची फी अजून भरलेली नाही आणि ती वेळेत गेली नाही तर शाळा ऑनलाइन वर्गाची लिंक पाठवणं बंद करेल. दोन मोठी माणसं कागदांवरून भांडत असतात, तेव्हा पणाला काय लागलेलं असतं? एका पोराची लिंक.

४ नोव्हेंबर २०२० ला न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांनी फॅमिली कोर्टाचा आदेश कायम ठेवला आणि थकबाकी बारा आठवड्यांत द्यायला सांगितलं. पण कोर्ट तेवढ्यावर थांबलं नाही. देशभरातल्या पोटगीच्या प्रकरणांसाठी त्यांनी नियमच घालून दिले :

• दोन्ही पक्षांनी, म्हणजे त्याने आणि तिने, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. नमुना कोर्टानेच ठरवून दिला आहे. शिक्षण, नोकरी, उत्पन्न, खर्च, बँक खाती, गुंतवणूक, कर्ज, सगळं त्यात. रिटर्न्सही.

• जोडीदाराच्या उत्पन्नाबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे, त्यासाठीही या नमुन्यात जागा आहे.

• समोरच्याने चार आठवड्यांत उत्तर आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्यासाठी दोनपेक्षा जास्त तारखा नाहीत. मुद्दाम टाळलं तर त्याचा बचाव काढून टाकता येतो आणि अर्जदाराच्या कागदांवर निर्णय होऊ शकतो.

• अंतरिम पोटगीचा निर्णय शक्यतो चार ते सहा महिन्यांत. पोटगी अर्जाच्या तारखेपासून.

• प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं तर फौजदारी कारवाई आणि कोर्टाचा अवमानही.

आता कळलं, दरवाजा म्हणजे काय? रिटर्न तुम्ही शोधून आणायचं नाही, त्याने शपथेवर कोर्टापुढे ठेवायचं आणि त्याची प्रत तुम्हाला मिळणार. त्याने अर्धवट दिलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ११ व्या आदेशाखाली लेखी प्रश्न विचारता येतात, कागद हजर करायची मागणी करता येते. गरज पडली तर बँक किंवा कंपनीकडून कागद मागवण्यासाठी कोर्टाला समन्स काढायची विनंती करता येते. आपली कमाई किती, हे ज्याला स्वतःलाच पक्कं ठाऊक असतं, ते सांगायची जबाबदारीही त्याच्यावरच येते. पुराव्याच्या कायद्यातलं हे जुनं तत्त्व.

हे नियम कागदावर उत्तम आहेत. सगळीकडे पाळले गेले का? नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाला हाच निकाल पुन्हा सगळ्या कोर्टांकडे पाठवायचा आदेश द्यावा लागला. म्हणून आपल्या केसमध्ये प्रतिज्ञापत्र आलंय का, हे वकिलाला आपणच विचारायचं. पहिल्याच तारखेला.

नाणं दोन बाजूंचं

मंडळी, हे फक्त ‘ती विरुद्ध तो’ असं वाचू नका. हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमाखाली अंतरिम पोटगी नवराही मागू शकतो. प्रतिज्ञापत्र तिलाही द्यावंच लागतं. मिहानमधला पगार लपवून ‘मला काहीच उत्पन्न नाही’ असं तिने लिहिलं, तर तिचाच फॉर्म २६एएस तिच्याविरुद्ध साक्ष देईल. दोघं कमावते असाल तर प्रश्न मुलीच्या खर्चात कुणाचा वाटा किती, हा असतो. तो वाटा खऱ्या आकड्यांवरच ठरतो.

आणि रिटर्न म्हणजे ब्रह्मवाक्यही नाही. नोकरदाराचं उत्पन्न फॉर्म १६ मुळे सहसा लपत नाही. पण धंदा, कन्सल्टन्सी किंवा रोखीचे व्यवहार असतील तर कागदावर उत्पन्न आटतं. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच नोंदवलं : रिटर्न्सवरून खऱ्या उत्पन्नाचा अंदाज येईलच असं नाही, आणि वैवाहिक वादात तर उत्पन्न कमी दाखवायची वृत्ती असते. म्हणून रिटर्नसोबत राहणीमानही मांडा. शाळेची फी, कारचा हप्ता, परदेशवाऱ्या, क्रेडिट कार्डाची बिलं. ‘महिना वीस हजार कमावतो’ म्हणणारा माणूस चाळीस हजारांचा ईएमआय कसा भरतो, हा प्रश्न न्यायाधीशांनाही पडतो.

हे मात्र करू नका!

त्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे. लग्नाची तारीख आणि मुलीचं नाव, दुसरं काय असणार? रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडायचा आणि त्याच्या पॅनने लॉगिन करायचं. किती सोपं! पण परवानगी नसताना दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोटगी मागायला गेलेली बाई आरोपी होऊन बसेल. सीएच्या ऑफिसातल्या पोराला पटवून कॉपी काढणं, त्याच्या नावाने मेल करणं, हेही तसलंच. वेगळं होण्याआधी घरात कायदेशीरपणे तुमच्या हाती आलेले कागद जपून ठेवा. जुनी होमलोनची फाइल, व्हिसाच्या वेळी काढलेल्या झेरॉक्स, जुने फॉर्म १६. पण नवीन चोऱ्या नकोत.

अमेरिकेतून परत आलात?

नागपुरातून एच-१बी वर गेलेल्या मुलांची आणि एच-४ वर सोबत गेलेल्या मुलींची संख्या काही कमी नाही. तिथे जॉइंट रिटर्न खरंच असतं. बायको कमावत नसली तरी टॅक्स वाचतो म्हणून दोघांचं एकत्र भरतात. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तिच्यासाठी आयटीआयएन काढतात. अशा रिटर्नवर तुमची सही असेल तर ते तुमचंही आहे. त्याची कॉपी तिथल्या आयआरएसकडून फॉर्म ४५०६ भरून मागता येते, दोघांपैकी एकाची सही पुरते. शुल्क लागतं. नुसता गोषवारा, ज्याला ट्रान्सस्क्रिप्ट म्हणतात, तो फुकट मिळतो. त्याला विचारायची गरज नाही आणि तुम्ही आता धरमपेठेत बसून अर्ज करत असलात तरी अडत नाही.

पण एक मेख आहे. जॉइंट रिटर्नची जबाबदारीही जॉइंट. त्यात त्याने काही लपवलं असेल तर बाकी टॅक्ससाठी आयआरएस तुम्हालाही धरू शकते. तुम्हाला खरोखर काही ठाऊक नव्हतं तर ‘इनोसंट स्पाउस’ म्हणून सूट मागायची सोय आहे, फॉर्म ८८५७. म्हणजे न वाचता केलेली सही सातासमुद्रापलीकडेही महागच पडते.

जाता जाता : पर्समध्ये ठेवा ही यादी

१. आज रात्री : ई-फायलिंगचा पासवर्ड, मोबाइल, ई-मेल स्वतःचे करा.

२. या आठवड्यात : स्वतःचे मागचे रिटर्न्स, २६एएस, एआयएस, होमलोनचं सर्टिफिकेट, जॉइंट अकाउंटची स्टेटमेंट्स. एक पेनड्राइव्ह, एक झेरॉक्स सेट, दोन्ही माहेरी.

३. त्याच्याबद्दल जे पक्कं ठाऊक आहे ते लिहून काढा. कंपनी, हुद्दा, खाती, पॉलिसी, गाडी, प्लॉट. अंदाज आणि माहिती वेगळी लिहा.

४. अर्ज लवकर करा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजतात, भांडणाच्या तारखेपासून नाही. पूर्वी ज्याला १२५ चा अर्ज म्हणायचे, तो १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४ झाला आहे. धर्म कुठलाही असो, तो करता येतो.

५. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिलांना तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असलं तरी.

६. आरटीआय टाकायचाच तर स्वतःच्या सहीने आणि केसचा नंबर घालून. तृतीय पक्ष म्हणून त्याला नोटीस जाऊ शकते, हे धरूनच.

आणि ज्यांचा संसार मजेत चाललाय, त्यांच्यासाठीही एक छोटं काम. येत्या जुलैत रिटर्न भरताना फुटाळ्याला जायच्या आधी दहा मिनिटं दोघं शेजारी बसा. तिने त्याचं रिटर्न उघडून वाचावं, त्याने तिचं. हे काय, ते काय, विचारावं. यात अविश्वास कसला? ज्या घराचा ईएमआय दोघांनी भरायचा, त्या घराचे आकडे दोघांना पाठ असावेत, एवढंच.

पासवर्ड मात्र आपापलेच ठेवा!